दुसऱ्या घासाला थांबणारा हात

पहिला घास आमचा यांत्रिक हात अगदी दृष्ट लागेल असा भरवायचा. वाटीतला मऊ भात चमच्यात घ्यायचा, वाटीच्या काठावर चमचा हलकेच निपटायचा, भाताचं शीतही न सांडता वर न्यायचा आणि चाचणीसाठी समोर बसवलेल्या पुतळ्याच्या उघड्या तोंडात अलगद रिकामा करून मागं यायचा. बघणारा 'वा!' म्हणायचा. मग दुसरा घास. भात घेतला, काठावर निपटला, वर आला आणि तोंडापासून चार बोटांवर हात थांबला. थांबला तो थांबलाच. थोडा वेळ गेला की 'राखणदार' जागा व्हायचा. राखणदार म्हणजे मोटरच्या नियंत्रकातला एक छोटा प्रोग्रॅम. हालचाल फार वेळ अडकली, की वरचा मेंदू बंद पडला असं समजून तो वीज तोडतो. वीज तुटली की हात लुळा पडायचा आणि भात पुतळ्याच्या मांडीवर जायचा.

"आजपण अभिषेक झाला व्हय?" राजवर्धन घाटगेनं दारातूनच विचारलं. तो आमच्या टीमचा कप्तान. सतत हुकूम सोडायचा म्हणून सगळं कॉलेज त्याला 'सरकार' म्हणायचं, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं.

"सरकार, फडकं घ्या आणि पुसा," मोईन नदाफ म्हणाला.

आम्ही तिघं इचलकरंजीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. मोटर-नियंत्रकाचा कोड माझ्याकडे, म्हणजे सम्यका मगदूमकडे. हाताला शिकवायचं काम मोईनकडे. आणि दोघांना ओरडायचं काम सरकारकडे. 'आधार' नावाची देशभरातल्या कॉलेजांची रोबो-स्पर्धा महिन्यावर आली होती. ज्यांना स्वतःच्या हातानं जेवता येत नाही त्यांना भरवणारं यंत्र करा, असा विषय होता, आणि तो दोन वर्षं आधीच जाहीर झाला होता. म्हातारी माणसं वाढली होती, भरवणारे हात कमी झाले होते. त्यामुळं विषय काही कुणी हवेतून काढलेला नव्हता.

आमच्या घरात तर नव्हताच. माझी आई, पद्मजा मगदूम, मुलींच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. मी दहावीत असताना तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोनचार शब्दांवर आलं आणि गिळणं मंदावलं. घास घाईनं गेला तर तो श्वासनलिकेत उतरायचा. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सूतगिरणीतली नोकरी सोडली आणि त्या दिवसापासून आईला तेच भरवू लागले. मध्ये एक बाई ठेवून पाहिली. आठवड्यात आईला न्यूमोनिया झाला. आता अप्पांचा उजवा खांदा निकामी होत चालला होता. ऑपरेशन केलं तर हात काही महिने झोळीत राहणार, आणि तोवर आईला भरवायला दुसरं कुणी नसेल तर तिच्या नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. नळीचं नाव काढलं की आई डोळे मिटून घ्यायची. म्हणून अप्पा ऑपरेशन पुढं ढकलत होते आणि मी त्या लोखंडी हाताच्या मागं लागले होते. स्पर्धा जिंकायची होतीच. पण मला आईच्या तोंडातला घास वाचवायचा होता.

तुम्ही म्हणाल, मुलगी घरात असताना बाप कशाला? एकदा अप्पा तापानं पडले होते तेव्हा मी वाटी घेऊन बसले होते. आईनं ओठ मिटून घेतले. 'नको' हा शब्द तिच्याकडे अगदी शाबूत होता. तोच तिनं दोनदा वापरला आणि तोंड भिंतीकडं वळवलं. तिला आपल्या लेकीनं आपल्याला असं बघायला नको होतं, हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून काय झालं, लागायचं ते लागलंच.

हात उसना घ्यायचं तंत्र आता तसं नवीन राहिलेलं नाही, तरी सांगते. पूर्वी रोबोची एकेक हालचाल कोडमध्ये लिहावी लागे. सायकल कशी चालवायची हे पत्रातून शिकवावं तसला तो प्रकार. मग हातमोजे आले. त्यांच्या कापडात केसासारखे धागे विणलेले असतात. बोट वाकलं की धागा ताणला जातो, बोट कशाला टेकलं की दाब कळतो. माणसानं मोजे घालून आपलं काम रोजच्यासारखं करत राहायचं. हाताला काय जाणवलं आणि त्यावर हातानं काय केलं, एवढंच प्रोग्रॅम बघत राहतो. पुष्कळदा बघितलं की त्या हाताची रीत त्याला येते. कारण कळत नाही, नुसती रीत येते. मग ती रीत मोटरच्या नियंत्रकाला जोडायची. मोटरला बोटं नसतात, पण भार पडला की ती जास्त वीज ओढते, आणि त्या विजेच्या कमीजास्तीवरून तिला स्पर्श कळतो. आडातून बादली ओढताना ती भरली का हे न बघता हाताला कळतं ना, तसंच.

या तंत्रानं बरीच उलथापालथ केली होती. सांगलीच्या एका मावशींचा हात एकाच वेळी कितीतरी गावांत चकल्या पाडत होता आणि मावशी घरी बसून भाडं घेत होत्या. आमच्या चौकातल्या न्हाव्यानं आपला हात द्यायला साफ नकार दिला होता, तर त्याच्या भावानं दोनदा विकला होता. अप्पांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हात दिला की मग माझं काय काम उरणार गं?" मी हसून वेळ मारून नेली. 

तरी त्यांनी मोजे घातले. सकाळ-संध्याकाळ, कित्येक आठवडे. आईनं मात्र एक अट घातली. खोलीत कुणी यायचं नाही. आमच्यात तसंही जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये म्हणतात. आईचा तर हा हट्टच होता. अप्पा पलंगावर दाराकडं पाठ करून बसायचे आणि पडदा ओढून घ्यायचे. बऱ्याच विनवण्यांनंतर अप्पांच्या मनगटावर एक इवला कॅमेरा बांधायची परवानगी मिळाली, तीही त्यात चमचा आणि ओठ सोडून काही येणार नाही या अटीवर. मी बाहेर बसून मोजे चार्ज करायचे. इतक्या वर्षांत माझी आई जेवते कशी, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

तर, दुसरा घास.

पहिला संशय शेजाऱ्यांवर. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीपलीकडं यंत्रमाग होते. त्यांच्या मोटरा चालू-बंद झाल्या की आमच्या तारांत नको ते सिग्नल घुसायचे. तारांना जाळीचं वेष्टण घातलं. शुक्रवारी, माग बंद असताना, पुन्हा चाचणी घेतली. पहिला घास उत्तम, दुसऱ्याला हात हवेत.

दुसरा संशय माझ्याच कोडवर. पहिली फेरी बरोबर, दुसरी चूक, बंद करून चालू केलं की पुन्हा पहिली बरोबर. असं दिसलं की समजावं, मागच्या फेरीचा एखादा खरकटा आकडा कुठंतरी राहून गेलाय. मी सगळा कोड ओळ न् ओळ घासून काढला. खरकटं सापडलं नाही. मग वीज कमी पडते का पाहिलं, सांधे अडकतात का पाहिलं. शेवटी मोटरला प्रत्येक क्षणी वरून काय हुकूम येतोय तेच पडद्यावर आणलं. मोटर निर्दोष होती. तिला 'थांब' असाच हुकूम येत होता आणि ती तो इमानेइतबारे पाळत होती.

"म्हंजे थांबतोय तो अप्पांचाच हात," मोईन म्हणाला.

घरी गेल्यावर मी अप्पांना विचारलं, "दुसऱ्या घासाच्या आधी तुम्ही थांबता का हो?"

"थांबतो की. पहिला गिळून व्हायला नको?"

"गिळला हे कळतं कसं?"

अप्पा खांदा चोळत म्हणाले, "कळतं. आता इतकी वर्षं झाली, कळंना व्हय?"

त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. अंगवळणी पडलेलं काम माणसाला सांगता येत नाही. आम्हांला वाटलं, ते ओठांवरून ओळखत असणार आणि आमच्या पुतळ्याचे ओठ कुठं हलतायत? म्हणून पुतळ्याच्या जागी मोईनला बसवलं. त्यानं पहिला घास मिटक्या मारत खाल्ला आणि दुसऱ्यासाठी आ वासून बसला. हात चार बोटांवर ढिम्म.

"गिळलं की लेका! काय आता सरकारी दाखला आणू?" मोईन हातावर खेकसला.

सरकारचा धीर सुटला. "बास झालं संशोधन. गिळायला माणसाला किती वेळ लागतोय? तीन सेकंद. तीन सेकंद थांबू दे, आणि न्हाईच हलला तर तुझ्या नियंत्रकातनं दे ढकलून पुढं. स्पर्धेत पुतळाच असणाराय, आणि घासाला गुण हाईत. मगदूम, लिही."

मी लिहिलं. जेमतेम पाच-सहा ओळींचं ठिगळ. हात झकास चालायला लागला. एकामागून एक घास, वाटी रिकामी, पुतळ्याची मांडी कोरडी. सरकारनं सगळ्यांना मिसळ खायला घातली. मला मनात कुठंतरी टोचत होतं, पण चालणाऱ्या कोडला हात लावू नये हा आमचा धर्म.

दुसऱ्याच दिवशी मी हात घरी नेला. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवून घेणारे. आईचं जेवण तासभर चालायचं, म्हणून चांगलं ऊन असतानाच अप्पा तिला उशांना टेकवून बसवायचे. हात पलंगाच्या कडेला आवळून बसवला. नियमाप्रमाणं कुणीतरी बंद करायच्या बटणावर बोट ठेवून उभं राहायला हवं होतं, आणि त्याची तार आखूड होती. त्यामुळं मला पलंगाच्या पलीकडं, खिडकीशी जावं लागलं. आईनं माझ्याकडं नाराजीनं पाहिलं. मी म्हटलं, "मी बटणाकडंच बघते, आई. शपथ."

पहिला घास नीट गेला. अप्पा लहान मुलासारखे हसले. दुसऱ्या घासाला हात चार बोटांवर थांबला आणि तीन सेकंदांनी पुढं सरकला. आईच्या तोंडात पहिला घास तसाच होता. तिनं मान फिरवली, चमचा ओठांवर आला, ती दचकली आणि तिला ठसका लागला. मी बटण दाबलं. पण ठसका थांबेना. तिचा चेहरा काळानिळा पडत चालला. अप्पांनी तिला पुढं वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या. अखेर तिला श्वास मिळाला.

"घाई कशाला?" अप्पा माझ्यावर ओरडले. ते आयुष्यात माझ्यावर ओरडले नव्हते. "तिच्या तोंडात घास हाय आणि दुसरा कोंबतीस? कोणाची गाडी चुकायलीय?"

 आपण आईला मारलं असतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ऊन उतरायला लागलं होतं आणि आई उपाशी होती. अप्पांनी हात धुतले, वाटी घेतली आणि दुखऱ्या खांद्यानं स्वतःच भरवायला बसले. मी खिडकीशी होते ती तिथंच राहिले, आणि आईही इतकी थकली होती की मला बाहेर घालवायचं तिला सुचलं नाही. अप्पांची पाठ या वेळी माझ्याकडं नव्हती. मी त्यांना समोरून बघत होते.

उजव्या हातानं त्यांनी घास दिला. आणि डाव्या हाताची दोन बोटं आईच्या हनुवटीखाली, गळ्याला टेकवली. इतकी हलकी, की तिच्या गळ्याला भार होऊ नये. उजव्या हातात दुसरा चमचा तयार, चार बोटांवर थांबलेला. अप्पा गुणगुणत होते, लक्ष खिडकीबाहेर. मग आईचा गळा वर झाला, खाली आला, बोटांना ते कळलं आणि चमचा पुढं गेला.

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मोजे जोडीनं मिळाले होते. अप्पांनी दोन्ही घातले होते आणि प्रोग्रॅमनं दोन्ही हातांकडं बघून रीत उचलली होती. पण आमच्या यंत्राला हात एकच, उजवा. तो बसवताना डाव्या मोज्याच्या तारा जोडायच्या कुठं, हा प्रश्न आला तेव्हा आम्ही तिघांनी एकमतानं ठरवलं होतं, की सोडून द्या. जेवणात डाव्या हाताचं काय काम? लहानपणी ताटात डावा हात घातला की चापट खाल्लेली आम्ही पोरं. दुसऱ्या कुठल्या देशातल्या पोरांनी निदान एकदा विचारलं तरी असतं. आम्ही डाव्या बोटांच्या जागी शून्य भरलं आणि विसरून गेलो. आमच्या लेखी शून्य म्हणजे काही नाही. अप्पांच्या हाताच्या लेखी त्याचा अर्थ होता, अजून गिळलेलं नाही, थांब. पहिल्या घासाआधी गिळायचं काही नसतंच, म्हणून तेवढा तो बिनदिक्कत द्यायचा. तो बिचारा बरोबर थांबत होता, आणि मी त्याला ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते ठिगळ उसवलं आणि डाव्या मोज्याच्या तारा जोडल्या. राखणदाराला सांगितलं, हा थांबला तर वीज तोडू नकोस, तसाच धरून ठेव. आईनं हात बघताच ओठ मिटले.

"अगं, माझाच हात हाय," अप्पा तिच्या कानाशी वाकून म्हणाले. "जरा लोखंडाचा झालाय, एवढंच. आणि हा बघ, दुसरा हाय की इथं." त्यांनी डावा मोजा घातला आणि दोन बोटं तिच्या गळ्याला टेकवली.

पहिला घास. दुसरा चार बोटांवर थांबला.  आईनं गिळलं आणि हात लगेच, अगदी अप्पांसारखा, पुढं गेला. तिसरा घास, चौथा घास. वाटी संपली तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. अप्पा म्हणाले, "म्हंजे मी लागतोयच की!" आणि मला म्हणाले, "तू रडायलीस कशाला?"

पण आठ दिवसही सुखानं गेले नाहीत. त्याच आठवड्यात अप्पांचा खांदा पार गेला. केस विंचरायला हात वर जाईना. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती नेमकी स्पर्धेच्या आठवड्यातली. यंत्र एकच, तेही कॉलेजचं. अप्पा म्हणाले, "पुढं ढकलू. तुमची स्पर्धा होऊन जाऊ दे." डॉक्टर म्हणाले, आता ढकललं तर हात कायमचा जाईल.

मी वर्कशॉपमध्ये जाऊन सरकारला सांगितलं, हात स्पर्धेला येणार नाही.

सरकार आधी हसला. मग त्याला कळलं की मी चेष्टा करत नाहीये. "दोन वर्षं, मगदूम! दोन वर्षं मी ह्या हातामागं घरचं लग्नकार्य सोडलंय. नोकरीचं पत्र त्या स्पर्धेवर अडकलंय माझं. तुझं ठीक हाय, पण आमचं काय?"

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. "पण तुमच्याकडं हात राहिला तर तिथं पुतळा जेवणार. माझ्याकडं राहिला तर आई."

त्यानं पाना टेबलावर आदळला आणि निघून गेला. मोईन म्हणाला, "जाऊ दे. सरकार पडतंय आणि परत येतंय." पण सरकार दोन दिवस कॉलेजला आला नाही, फोन उचलला नाही. माझ्या मनात आलं, एका घासासाठी मी मित्र गमावला, आणि तरी हात द्यावा असं एकदाही वाटलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात लाकडी फळी. "पलंगाला ते तुझं आवळलेलं बघितलं मोईननं दाखवलेल्या फोटोत," तो म्हणाला. "गचाळ काम. घास खाताना हललं म्हंजे? सरक बाजूला." तासभर घाम गाळून त्यानं हात पक्का बसवला. जाताना आईच्या पाया पडला. "काकू, ह्याच्या बदल्यात मला आशीर्वाद द्या, नोकरीचं बघा जरा." आई तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसली. स्पर्धेतून नाव काढून घेतल्याचं कॉलेजला त्यानंच कळवलं होतं. कारण विचारलं तेव्हा म्हणे, 'यंत्र कामावर रुजू झालं आहे' असं लिहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. अप्पा दवाखान्यात होते तो दीड दिवस आईनं सलाईनवर काढला, नळीची पाळी आली नाही. ते घरी आले ते उजवा हात झोळीत आणि चेहरा उतरलेला. तरी ऊन असतानाच त्यांनी डावा मोजा मागितला. वेदनेच्या गोळ्यांनी त्यांचे डोळे जड झाले होते. मी म्हटलं, आज राहू दे. ते म्हणाले, "राहू दे म्हंजे? ती जेवायची न्हाई व्हय?"

मी खिडकीशी, बटणाजवळ. आता आई मला तिथं उभं राहू द्यायची, पण बघायचं मात्र बटणाकडंच. हातानं घास दिला, अप्पांच्या बोटांनी गिळणं ओळखलं, दुसरा घास गेला. तिसरा. मग चौथा घास चार बोटांवर येऊन थांबला, आणि थांबूनच राहिला.

अप्पांना झोप लागली होती. मान छातीवर पडली होती आणि डावा हात आईच्या गळ्यावरून घसरून तिच्या मांडीवर आला होता. आईनं केव्हाच गिळलं होतं. ती तशीच बसली होती, समोर हवेत तरंगणारा चमचा आणि शेजारी झोपलेला नवरा. मी त्यांना उठवायला पुढं झाले.

"असू दे," आई म्हणाली. हा शब्द तिच्याकडं आहे हेच मला माहीत नव्हतं.

मी थबकले. बाहेर ऊन भिंतीवर चढलं होतं, थोड्याच वेळात दिवस मावळला असता आणि ती उपाशी राहिली असती. मी तिच्याकडं बघितलं. या खेपेला बटणाकडं नाही, तिच्याकडंच. हनुवटीवर भाताचं एक शीत चिकटलं होतं, ओठांची एक बाजू ओघळली होती. ती मला बघू देत होती. मी अप्पांच्या हातातला मोजा हळूच काढला. तो आतून गरम होता. मी तो माझ्या डाव्या हातात चढवला आणि पलंगाशी उभी राहिले, विचारायचं धाडस होईना म्हणून तशीच.

आई बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. शाळेत फळ्याशी उभ्या राहिलेल्या मुलीकडं बघायची तशी. मग तिनं हनुवटी थोडी वर केली.

मी दोन बोटं तिच्या गळ्याला टेकवली. तिची कातडी मऊ आणि ऊबदार होती, आणि आतली नाडी माझ्या बोटांना लागत होती. तिनं कोरडा आवंढा गिळला. गळा वर गेला, खाली आला. एवढीशी ती हालचाल, पण तेवढ्यासाठी अप्पांनी इतकी वर्षं काढली होती. चमचा पुढं गेला, आईनं तोंड उघडलं आणि घास घेतला. हातानं नवा घास आणला. तिनं गिळलं, मला कळलं.

पण हात हलला नाही. मला हुंदका आवरत नव्हता आणि त्यानं माझी बोटं थरथरत होती. शंका आली की थांबायचं, हे त्या हातानं अप्पांकडून शिकलेलं होतं. मी ओठ दाबून धरले, दुसऱ्या हातानं मनगट धरलं, पण काही केल्या थरथर जाईना. आई वाट बघत होती. मग तिनं शब्द शोधायला सुरुवात केली. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ दोनदा हलले आणि आवाज निघाला.

"भात," आई म्हणाली, "गार होतोय."

मला रडता रडता हसू आलं. बोटं स्थिर झाली आणि चमचा पुढं गेला.